डीबी नॅव्हिगेटर: वेळापत्रक अव्वल, गाडी बदलायचा हिशेब मात्र आपला आपण

युरोपात स्वतः आखणी करून रेल्वेने फिरायचे असेल आणि फोनवर एकच ॲप ठेवायचे असेल, तर ते जर्मन रेल्वेचे, म्हणजे डॉइच बानचे, डीबी नॅव्हिगेटर ठेवावे. तिकीट तिथून काढा किंवा काढू नका. ॲमस्टरडॅम ते प्राग, बर्लिन ते व्हेनिस, झुरिक ते बुडापेस्ट, काहीही टाका. कुठे उतरायचे, किती वाजता, कोणत्या फलाटावरून पुढची गाडी, हे सगळे एका पडद्यावर येते. बहुतेक देशांच्या राष्ट्रीय रेल्वेंची वेळापत्रके यात आहेत, जर्मनीशी संबंध नसलेल्या मार्गांचीसुद्धा. ॲप इंग्रजीत चालते आणि तिकीट फोनवर उतरवून ठेवले की डब्यात नेटवर्क नसले तरी दाखवता येते. माहितीसाठी पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. गाडी बदलायच्या वेळेच्या बाबतीत मात्र अडीचच्या वर जाववत नाही.

कारण सरळ आहे. शोध घेतल्यावर दोन गाड्यांच्या मधे "6 मिनिटे", "8 मिनिटे" असा आकडा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटते, रेल्वेच सांगतेय म्हणजे पुरत असणार. प्रत्यक्षात तो आकडा फक्त चालण्याचा हिशेब आहे. प्रत्येक स्टेशनला एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला लागणारा किमान वेळ ठरवून दिलेला असतो. मधला वेळ त्याहून कमी नसला की ॲप ती जोडी खुशाल दाखवते. पहिली गाडी वेळेवर येईल का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो.

आणि जर्मनीत तोच खरा प्रश्न आहे. जर्मन रेल्वेच्या मोजमापात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा उशीर धरला जात नाही. म्हणजे 5 मिनिटे 59 सेकंद उशिरा आलेली गाडी सरकारी हिशेबात वेळेवर, आणि सहा मिनिटांच्या कनेक्शनवाला प्रवासी फलाटावर. या सवलतीनंतरही लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता 2023 साली 64 टक्के आणि 2024 साली 62.5 टक्के होती, आणि रद्द झालेल्या गाड्या या आकड्यात मोजतच नाहीत. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आतली गाडीच वेळेवर मानतात, तरी आकडा नव्वदीच्या वर असतो. दोन्ही देशांतली सहा मिनिटांची कनेक्शने ॲपवर मात्र हुबेहूब सारखी दिसतात.

तेव्हा मधे किती वेळ ठेवायचा हे ठरवताना "चालायला किती लागेल" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ही गाडी हुकली तर काय जाईल? पुढची गाडी अर्ध्या तासाने असेल आणि तिकीट चालणार असेल, तर आठ मिनिटांचे कनेक्शनही निर्धास्त घ्यावे; हुकले तर कॉफी प्यायची. पुढची गाडी दोन तासांनी असेल, किंवा ती दिवसातली शेवटची असेल, किंवा तिला आरक्षण सक्तीचे असेल, तर पाऊण तासही कमी पडतो. फ्रँकफर्टहून ब्रुसेल्सला जाणारी आयसीई, म्हणजे जर्मन रेल्वेची वेगवान गाडी, दर अर्ध्या तासाला नसते. तिच्यापर्यंत पोहोचवणारी गाडी एक आधीची पकडणे हाच उपाय. उलट बर्न ते इंटरलाकेनसारख्या मार्गावर पुढची गाडी ठरलेल्या अंतराने येतच असते, तिथे जास्त वेळ ठेवून काही हाती लागत नाही.

ॲपमध्ये याची सोय आहे, पण ती शोधावी लागते. शोधाच्या पर्यायांत किमान ट्रान्सफर टाइम निवडायचा रकाना आहे. मुळात तो "नॉर्मल"वर असतो; तो बदलून जर्मनीसाठी 20 ते 30 मिनिटे ठेवावीत. मोठ्या बॅगा आणि सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर 30च्या खाली जाऊच नये. अडचण अशी की हा आकडा सगळ्या प्रवासाला सरसकट लागू होतो. हांबुर्ग ते इंटरलाकेन शोधताना 30 मिनिटे टाकली, की ॲप स्वित्झर्लंडमधली चांगली, सात मिनिटांची, समोरच्या फलाटावरची गाडीही गाळते आणि उगाच अर्धा-अर्धा तास वाढवत जाते. एका स्टेशनला जास्त आणि दुसऱ्याला कमी वेळ हवा असेल तर आडवाट घ्यावी लागते: जिथे जास्त वेळ हवा ते स्टेशन "स्टॉपओव्हर" म्हणून टाकायचे आणि तिथे थांबायचा कालावधी लिहायचा, किमान ट्रान्सफर टाइम मात्र नॉर्मलवर ठेवायचा. सीमेवरचे स्विस स्टेशन बाझेल एसबीबी टाका, 40 मिनिटे लिहा, शोधा. तिकीट सलग एकच निघते, आणि पुष्कळदा भाडेही बदलत नाही, क्वचित कमीच होते. कारण कमी गर्दीची गाडी हाती लागते.

बाझेलचे नाव घेतले ते मुद्दाम. त्या शहरात जर्मन रेल्वेचे स्टेशन वेगळे, बाझेल बाडिशर बानहोफ, आणि स्विस रेल्वेचे वेगळे, बाझेल एसबीबी. जर्मनीकडून येणारी आयसीई आधी पहिल्यावर थांबते. स्विस गाड्यांसाठी दुसऱ्यावर उतरायचे. शिवाय स्विस रेल्वे जर्मनीतून येणारा उशीर स्वतःच्या वेळापत्रकात शिरू देत नाही. फार उशीर झालेली, झुरिक किंवा इंटरलाकेनपर्यंतची आयसीई कधीकधी बाझेललाच संपवली जाते आणि पुढची सेवा स्विस गाडीने वेळेवर चालते. म्हणजे ॲपवर "थेट गाडी" दिसत असली तरी मनात एक गाडीबदल धरून चालावे. हे शोधाच्या वेळी कुठेच दिसत नाही.

स्टेशनांचा स्वभाव ॲप सांगत नाही. तो माहीत असला तर दहा मिनिटे कुठे पुरतात आणि वीस कुठे पुरत नाहीत हे कळते. मानहाइमला कोलोनकडून आणि फ्रँकफर्टकडून येणाऱ्या आयसीई एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागाव्यात अशी वेळापत्रकाचीच रचना आहे. दारातून उतरायचे, समोरच्या दारात चढायचे; पाच मिनिटेही चालतात. म्युनिक सेंट्रल म्हणजे एका नावाखाली तीन स्टेशने: मधला मोठा हॉल 11 ते 26 क्रमांकांचा, दक्षिणेला 5 ते 10, उत्तरेला 27 ते 36. हॉलमध्ये आयसीईतून उतरून 5 ते 10 मधली प्रादेशिक गाडी पकडायची तर सामान घेऊन दहा मिनिटे फक्त चालण्यात जातात. बर्लिन सेंट्रलला 1 ते 8 जमिनीखाली आणि 11 ते 16 वरच्या मजल्यावर. मधे सरकते जिने आहेत, पण बॅगवाल्यांची लिफ्टपुढे रांग लागते. कोलोनला काही गाड्या मुख्य स्टेशनात न येता नदीपलीकडे मेस्से-डॉइत्सला थांबतात. झुरिकला 31 ते 34 आणि 41 ते 44 हे फलाट जमिनीखाली आहेत. तिथल्या पाट्या इतक्या नेमक्या आहेत की चुकायला प्रयत्न करावा लागेल.

फ्रँकफर्ट, म्युनिक ही टोकाची स्टेशने आहेत. रूळ तिथे संपतात आणि फलाट बदलायला इंजिनाच्या टोकाशी यावे लागते. तेरा डब्यांची आयसीई 4 ही 374 मीटर लांब असते. शेवटच्या डब्यातून उतरलात तर नुसते फलाटाच्या तोंडाशी यायला पाच मिनिटे, आणि पुन्हा दुसऱ्या फलाटावर तेवढेच आत. ॲपमधली डब्यांच्या क्रमाची आकृती इथे सोन्यासारखी आहे: कोणता डबा ए ते जी यांपैकी कोणत्या विभागात लागेल हे ती दाखवते. उतरायच्या दहा मिनिटे आधी डबे ओलांडून तोंडाकडच्या दारात जाऊन उभे राहिले की आठ मिनिटांचे कनेक्शन जमून जाते. लक्षात ठेवायचे इतकेच, की टोकाच्या स्टेशनातून गाडी उलट दिशेने निघते, त्यामुळे आधी पुढे असलेला डबा पुढच्या प्रवासात शेवटचा होतो. आणि काही आयसीई दोन गाड्या जोडून धावतात. बर्लिनकडून येणारी जोडगाडी हाममला सुटी होते, एक भाग एकीकडे, दुसरा दुसरीकडे. घाईत मिळेल त्या दारात चढलात तर निदान डब्यावरची पाटी वाचा.

आता तिकीट. मधल्या वेळेचा निम्मा हिशेब खरे तर इथेच ठरतो. युरोपियन युनियनचा प्रवासी हक्कांचा 2021/782 हा नियम 7 जून 2023 पासून लागू आहे. संपूर्ण प्रवासाचे सलग एक तिकीट असेल तर मुक्कामाला 60 ते 119 मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के परतावा मिळतो. कनेक्शन हुकले तर पुढच्या गाडीने पोहोचवणे ही रेल्वेची जबाबदारी. वादळासारखी कारणे असतील तर परतावा टळू शकतो, पोहोचवण्याची जबाबदारी टळत नाही. आपल्याकडे आयआरसीटीसीवर दोन पीएनआर जोडून घेतले की पहिल्या गाडीच्या उशिरामुळे हुकलेल्या दुसऱ्या गाडीचे पैसे परत मिळतात. तिकडे वेगवेगळी काढलेली तिकिटे अशी नंतर जोडता येत नाहीत. काढतानाच एक काढायचे.

जर्मन रेल्वेचे स्वस्त तिकीट, स्पारप्राइस किंवा सुपर स्पारप्राइस, ठरलेल्या गाडीपुरतेच चालते. मात्र मुक्कामी 20 मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसू लागले की हे बंधन उठते आणि दुसऱ्या गाडीत बसता येते. ॲप तसे तिकिटावर दाखवते. तो मजकूर आला की रांगेत उभे न राहता सरळ पुढची गाडी धरावी. याचा अर्थ असा, की जर्मनीतल्या जर्मनीत सलग तिकिटावर घट्ट कनेक्शन हुकणे ही फार मोठी आपत्ती नाही. उलट काही अनुभवी प्रवासी मुद्दाम घट्ट कनेक्शनचे स्वस्त तिकीट घेतात आणि बंधन उठले की हवी ती गाडी पकडतात. हा जुगार दिवसा, रिकाम्या हातांनी ठीक आहे. रात्री नऊनंतर, कुटुंबासह करू नये. शिवाय आसनाचे आरक्षण हुकलेल्या गाडीबरोबर जाते आणि पुढच्या गाडीत उभे राहावे लागू शकते. याच तिकिटावरच्या प्रादेशिक गाड्यांना, म्हणजे आरई, आरबी, एस-बान यांना, हे बंधन नसते. पहिला टप्पा प्रादेशिक गाडीचा असेल तर एक गाडी आधी निघावे.

दोन कंपन्यांची दोन तिकिटे असतील तर पहिलीचा उशीर दुसरीला बांधील नसतो. काही राष्ट्रीय रेल्वे कंपन्यांमध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी असा करार आहे, की वाजवी वेळ ठेवूनही कनेक्शन हुकले तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत जाऊ द्यावे. त्यासाठी उशीर झालेल्या गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडून किंवा स्टेशनच्या काउंटरवरून उशिराचा लेखी पुरावा घ्यायचा, तोही पुढच्या गाडीत चढण्यापूर्वी. हा हक्क नाही, सोय आहे. खासगी कंपन्या, इटलीतली इतालो किंवा स्पेनमधली इर्यो, यात धरू नका. तिकीट विकणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळावरून एका पेमेंटमध्ये सगळे घेतले म्हणून ते सलग तिकीट होत नाही. वेगवेगळे करार आहेत हे विक्रेत्याने आधी सांगितले नसेल तर कनेक्शन हुकल्यावर पूर्ण रक्कम आणि वर तिच्या 75 टक्के भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून बहुतेक जण ते बारीक अक्षरात सांगून मोकळे होतात. पैसे भरण्याआधी ती ओळ शोधा.

जर्मनी-स्वित्झर्लंडच्या पट्ट्याबाहेर गेले की ॲपचा कस कमी होत जातो. पॅरिसला एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघणाऱ्या प्रवासात बहुधा स्टेशनच बदलावे लागते. गार द्यु नॉर ते गार द लिऑं हे आरईआर डी या लोकलने दोन थांब्यांचे अंतर, दहा मिनिटांच्या आत. नॉर ते एस्त चालत दहा मिनिटे. नॉरहून मॉंपार्नास स्टेशनला मेट्रो 4, ऑस्टरलित्सला मेट्रो 5. कागदावर हे सोपे दिसते. पण तिकीट मशिनपुढची रांग, बॅगेसकट फिरत्या अडसरातून जाणे आणि टीजीव्हीची, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीची, दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होणे हे धरले तर दीड तास ठेवावा. टीजीव्हीला आरक्षण सक्तीचे. हुकली तर पुढच्या गाडीत जागा असेलच असे नाही, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी. अनेक देशांत चालणारा युरेल पास असला तरी यातून सुटका नाही, कारण पास प्रवासाचा असतो, आसनाचा नव्हे.

लंडनला जाणारी युरोस्टार हा वेगळाच प्रकार. तिचे गेट सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद होते, त्याआधी सामानाची तपासणी, शेंगेनमधून, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडल्याची नोंद आणि ब्रिटिश पासपोर्ट तपासणी. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमांवर नवी डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती टळत नाही. ब्रुसेल्स मिडीला जर्मनीहून आयसीईने येऊन लंडनची गाडी पकडायची तर दोन तासांखाली काहीही घेऊ नये, ॲपने दाखवले तरीही. ब्रिटनचे घड्याळ एक तास मागे आहे. ॲप प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ दाखवते, तेव्हा प्रवासाचा कालावधी स्वतः वजाबाकी करून काढू नका, छापलेला वाचा. स्पेनमध्ये वेगवान गाड्यांना बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात. बार्सिलोना सांत्स, माद्रिद आतोचा इथे अर्धा तास त्यासाठीच धरावा. तिथल्या खासगी गाड्यांचा भरवशाचा शोध आणि भाडी या ॲपवर मिळत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये एसबीबीचे आणि ऑस्ट्रियात ओबीबीचे ॲप प्रत्यक्ष वेळेची माहिती जास्त लवकर देते. त्या देशात शिरल्यावर तेच उघडावे.

प्रवासाच्या दिवशी मात्र डीबी नॅव्हिगेटर पुन्हा कामाचे ठरते. प्रवास जतन करून ठेवला की उशीर आणि फलाटबदलाच्या सूचना येतात, कनेक्शन मिळणार नसेल तर तसे लाल अक्षरात येते आणि पर्यायी गाड्या तिथेच दिसतात. दहा-वीस मिनिटांचे अंदाज साधारण बरोबर निघतात. दोन तास पुढचा अंदाज सहसा आशावादी असतो. पकडायच्या गाडीचाही उशीर बघा, कारण दोन्ही उशिरा असतील तर हुकलेले वाटणारे कनेक्शन साधते. शेवटचे कनेक्शन धोक्यात असेल तर उतरायची वाट न पाहता गाडीतल्याच कर्मचाऱ्याला सांगावे. ते पुढच्या गाडीला थांबवण्याची विनंती करू शकतात, आणि कधीकधी काही मिनिटे ती थांबतेही. जर्मनीत शेवटची गाडी हुकून मध्यरात्रीपर्यंत पोहोचणे अशक्य झाले आणि रेल्वेने सोय केली नाही, तर 120 युरोपर्यंत टॅक्सीचे बिल परत मागता येते. हॉटेलची वेळ आली तर आधी काउंटरवर विचारायचे, पावती ठेवायची. परताव्याचा अर्ज ॲपमधूनच, तीन महिन्यांच्या आत. चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत.

गाडी निवडण्यापूर्वी एक काम ॲपच्या बाहेर करावे: झुगफाइंडर या संकेतस्थळावर त्या क्रमांकाची गाडी मागच्या आठवड्यांत तुमच्या बदलायच्या स्टेशनला किती उशिरा आली ते पाहावे. ही माहिती जर्मन रेल्वेने स्वतःच्या ॲपमध्ये शोधाच्या निकालाशेजारी दिली असती तर वरचे अर्धे लिहावेच लागले नसते.

वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री सगळ्या युरोपात एकदम बदलते. नाताळच्या सहलीसाठी जुन्या वेळा पाहून हॉटेल ठरवू नका. जर्मनीत शिवाय महिनोन्महिने रुळांची मोठी दुरुस्ती चालते: फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग 15 जुलै ते 14 डिसेंबर 2024 पूर्ण बंद होता, हांबुर्ग-बर्लिन 1 ऑगस्ट 2025 पासून कित्येक महिने. अशा वेळी गाड्या वळवलेल्या असतात आणि चार महिन्यांपूर्वी काढलेल्या तिकिटावरचे 25 मिनिटांचे कनेक्शन गुपचूप 9 मिनिटांचे होऊन बसते. निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा, तोच प्रवास नव्याने शोधून जुन्या तिकिटाशी ताडून पाहावा.